राहुरीहून येरवड्याला

मुळेच्या काठी वसलेली राहुरी ही उसाची, पाण्याची आणि शेतीविद्येची भूमी. बारागाव नांदूरच्या धरणात, म्हणजे ज्ञानेश्वरसागरात, 26 टीएमसी पाणी मावते आणि कालव्यांनी ते शिवारात खेळते. 1968 साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर येथेच आहे. गावातून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यावर शिर्डीच्या भाविकांची ये-जा अखंड चालू असते.

तालुक्यातील ताहाराबाद हे संतचरित्रकार महिपतींचे गाव. त्यांचा ‘भक्तविजय’ 1762 सालचा. आजही अनेक वृद्धांच्या नित्यवाचनात तो असतो. महिपती गावचे कुलकर्णी होते. यापुढे सरकारी कामासाठी लेखणी हाती धरणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली आणि जन्मभर पाळली, असे सांगतात. शपथेवरची ही श्रद्धा आपल्या घराघरांत मुरलेली आहे. घरातले कोणी व्यसनात सापडले की पहिला उपाय ठरलेला असतो: पोथीवर हात ठेवायला लावणे. शपथ घेणारा त्या क्षणी बहुधा खोटे बोलत नसतो. तरीही ती मोडते. ती का मोडते, हे घरातील वडीलधाऱ्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

राहुरीसारख्या गावाला दारू आणि तंबाखूचे व्यसन परिचित आहे. कोकेन हे नाव मात्र दूरचे वाटते. केंद्र शासनाच्या 2019 मधील सर्वेक्षण अहवालानुसार देशात 10 ते 75 वयोगटात कोकेन घेणाऱ्यांचे प्रमाण 0.10 टक्के, तर दारू पिणाऱ्यांचे 14.6 टक्के होते. परंतु शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली नातवंडे कोणत्या संगतीत वावरतात, हे गावाला दिसत नाही. शिवाय हा पदार्थ आपल्याकडे नवाही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई-कलकत्त्यात विड्याच्या पानातून कोकेन खाण्याचे व्यसन फैलावले होते.

दक्षिण अमेरिकेतील कोका या झुडपाच्या पानांपासून कोकेन बनते. मेंदूत सुखाची जाणीव घडवणारे डोपामिन हे द्रव्य एरवी काम झाल्यावर पेशींत परत शोषले जाते. कोकेन ही वाट अडवते. त्यामुळे काही काळ विलक्षण उत्साह येतो; अर्ध्या-एक तासात तो ओसरतो, मन खचते आणि पुन्हा घ्यावेसे वाटते. वारंवार असे घडले की मेंदूची घडीच बदलते, साध्या सुखांत रस उरत नाही आणि विवेकाचा लगाम सैल पडतो. शपथ मोडते ती येथे. तेथे केवळ दुबळे चारित्र्य पाहणे म्हणजे आजाराचे मूळ नजरेआड करणे होय.

रात्र-रात्र जागरण आणि मग दिवसभर झोप, घटलेली भूक, वाहणारे किंवा रक्त येणारे नाक, अकारण संशय, चिडचिड, पैशांची न संपणारी गरज ही त्याची काही लक्षणे. यांतील प्रत्येकाला अन्य कारणही असू शकते. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. छातीत दुखणे, झटका येणे, शुद्ध हरपणे किंवा अंग अतिशय तापणे असे काही घडले तर वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि काय घेतले होते ते डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. कोकेनमुळे तरुणालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. जोडीला दारू असेल तर धोका अधिक वाढतो.

उपचारांची वाट राहुरीहून दक्षिणेला निघते. विळद घाट ओलांडला की अहिल्यानगर येते. प्रत्येक रुग्णाला पुण्यापर्यंत जावे लागते असे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ भेटतात आणि पहिला सल्ला तेथेही घेता येतो.

पुढे सुपे लागते. याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने दारूचे गुत्ते बंद केले. न ऐकणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे अण्णांनी स्वतःच सांगितले आहे. गावाच्या निर्धाराने दुकान बंद होते, हा त्या प्रयोगाचा मोठा धडा. परंतु मेंदूत रुजलेली ओढ माराने जात नाही. तिला उपचारच हवा.

शिरूरजवळ घोड नदी ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली मागे पडतात आणि सुमारे दीडशे किलोमीटरचा हा रस्ता येरवड्याला पोहोचतो. मराठी माणसाच्या मनात या नावाला दोन सावल्या आहेत, एक कारागृहाची आणि दुसरी मनोरुग्णालयाची. ‘येरवड्याला पाठवा’ हा वाक्प्रचार आपण थट्टेने वापरतो आणि आपल्यावर वेळ आली की त्याच शब्दाला भितो. अनेक कुटुंबे उपचारांना उशिरा पोहोचतात ती अंतरामुळे कमी आणि लोक काय म्हणतील या धास्तीने अधिक.

याच येरवड्यात, मनोरुग्णालयाच्या आवारात, 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी डॉ. अनिल अवचट यांनी लिहिले; ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचट यांनी केंद्राची धुरा वाहिली. पुढे केंद्राची स्वतःची वास्तू उभी राहिली. निवासी उपचार साधारण पाच आठवड्यांचा असतो. त्यात वैद्यकीय देखरेख, दिनचर्या, समुपदेशन, गटचर्चा आणि कुटुंबीयांचा सहभाग यांवर भर असतो.

कोकेनच्या बाबतीत समुपदेशनाचे मोल विशेष आहे, कारण ही ओढ थांबवणारे मान्यताप्राप्त खात्रीचे औषध अद्याप उपलब्ध नाही. कोणत्या प्रसंगी ओढ लागते ते ओळखणे, तो प्रसंग टाळणे आणि विचारांची सवय बदलणे हे रुग्ण हळूहळू शिकतो. पदार्थ बंद केल्यावर थकवा, अतिझोप आणि तीव्र उदासी येते. त्या दिवसांत जिवाचे बरेवाईट करण्याचे विचारही येऊ शकतात. म्हणून त्याला एकटे सोडू नये. कायद्याची भीती वाटत असेल तर 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम 64अ ची माहिती वकिलाकडून घ्यावी. अल्प प्रमाणाबाबत आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूद त्यात आहे.

उपचार संपले की तोच रस्ता उलट दिशेने राहुरीला येतो, आणि खरी कसोटी येथून पुढे असते. घरातील वृद्धांनी रोख रक्कम आणि दागिने जपावेत, कर्जे परस्पर फेडू नयेत; मात्र जेवणाच्या ताटावरून टोमणे मारू नयेत. पाठपुराव्याच्या भेटी चुकू देऊ नयेत. पुन्हा घसरण झाली तर सारे संपले असे मानू नये. मधुमेहात साखर वाढली की आपण पुन्हा डॉक्टरांकडे जातो, तसेच येथेही जावे. आणि काळजीवाहकाने स्वतःची झोप, स्वतःची औषधे सांभाळावीत. मार्गदर्शनासाठी 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी आणि 14416 ही मानसिक आरोग्याची टेली-मानस सेवा उपलब्ध आहे.

पोथी देव्हाऱ्यात अवश्य असावी. तिच्यावर हात ठेवायला लावण्याऐवजी तो हात आपल्या हाती घ्यावा आणि ‘चल, मी तुझ्यासोबत येतो’ एवढेच म्हणावे. राहुरीच्या बसस्थानकावर पुण्याची गाडी मिळते.