चार तारांच्या जागेत सहा

चार तारांच्या बास गिटारचं सहा तारांचं गिटार करायचं म्हणजे आणखी दोन तारा बांधल्या की झालं, असं सहज वाटून जातं. प्रत्यक्षात तारा ही शेवटची गोष्ट. आधी सूर ठरवावा लागतो, सुरावरून तारेची जाडी ठरते आणि जाडीवरून खाचा नि भोकं. आमच्या घरात तर त्याही आधी एक परवानगी हवी होती.

बास भाईजानांचा. १९८८ साली मुंबईहून त्यांनी तो जुना विकत आणला आणि पंचवीसेक वर्षं सांगली-मिरजेकडच्या ऑर्केस्ट्रात वाजवला. लग्न, उरूस, गणेशोत्सव, कुठलाही मंडप असो, लोक गायकाचं नाव विचारत, ढोलकीवाल्याला बक्षीस देत. बासवाला मागे उभा. "मी थांबलो की मगच लोकांना कळतं मी होतो म्हणून," असं ते हसून म्हणायचे. २०१६ साली ते गेले आणि बास भिंतीवर लटकला.

त्यांच्या मुलीला गाण्याचा नाद. स्वतः वाजवून गावं ही तिची इच्छा. पण बास हे एकट्यानं मैफल भरायचं वाद्य नव्हे, त्याला सोबत लागते. एक दिवस ती म्हणाली, "चाचा, याचंच गिटार करता येईल का?" मी उत्तर देण्याआधीच भाभी आतून म्हणाल्या, "त्यांच्या हाताची चीज आहे. तिला भोकं पाडायची नाहीत."

खरं तर अशी कल्पना नवी नाही. अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो कंपनीनं १९५६ साली सहा तारांचा बास काढला आणि १९६१ साली फेंडरनं 'बास सिक्स' आणला. नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये उभ्या बासबरोबर तेच स्वर या वाद्यावर दाबून वाजवत. त्या टणक आवाजाला तिथं 'टिक-टॅक' असं नावच पडलं. ग्लेन कॅम्पबेल यांच्या १९६८च्या 'विचिटा लाइनमन' या गाण्यातला मधला तुकडा अशाच सहा तारांच्या बासवर वाजवलेला आहे. फेंडरच्या त्या वाद्याची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तीस इंच. नेहमीचा बास चौतीस इंचांचा, साधं गिटार साडेपंचवीसचं. भाईजानांचा बास छोट्या मापाचा, नेमका तीस इंच निघाला.

मी तो मिरजेत सतारमेकर गल्लीत एका ओळखीच्या कारागिराकडे नेला. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंबोऱ्याकडे वळली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लोखंड जाणणारा हात लाकडाला आणि तारेला लागला, त्यातून हे सगळं उभं राहिलं.

कारागिरानं बास मांडीवर घेतला आणि पहिला प्रश्न पुतणीला केला, "बेटी, सूर कुठला लावायचा?" तिचं ठरलेलं होतं. गिटारच्या नेहमीच्या सुरापेक्षा पाच अर्धस्वर खाली, म्हणजे पाश्चात्त्य 'बी'वर. असं खालच्या सुरातलं गिटार तिकडे 'बॅरिटोन' म्हणून ओळखलं जातं. मग त्यानं मोजमाप घेतलं. पट्ट्यांना हात लावायची गरज नव्हती, कारण त्यांच्या जागा तारेच्या लांबीवरून ठरतात, सुरावरून नाही. घोडीवर बासच्या दोन तारांमधलं अंतर एकोणीस मिलिमीटर, अशी तीन अंतरं म्हणजे सत्तावन्न. गिटारचं अंतर साधारण साडेदहा, अशी पाच म्हणजे बावन्न-त्रेपन्न. चाराच्या जागेत सहा तारा आरामात मावल्या.

अडचणी दुसरीकडे होत्या. खालच्या पिकअपमध्ये चार तारांखाली चार लोहचुंबक. सहा तारा त्यांच्या मधेमधे पडल्या तर काही बोलणार, काही मुक्या राहणार. म्हणून सलग पट्टीचा पिकअप घ्यावा लागला. बॅरिटोनच्या तारा बहुधा सत्तावीस-अठ्ठावीस इंचांच्या गिटारसाठी असतात. तीच तार त्याच सुरात तीस इंचांवर ओढली की ताण साधारण एक पंचमांशानं वाढतो, म्हणून तारा जरा बारीक घेतल्या, आणि लांबीला पुरतील अशाच शोधल्या. वरची खाचांची पट्टी त्यानं हाडाची घासली, प्रत्येक खाच तिच्या तारेच्या मापाची.

"घोडी, पिकअप, पट्टी, सगळं पुन्हा जुनं बसवता येईल," तो म्हणाला. "पण वरच्या चाव्यांचं तसं नाही. बासच्या चाव्यांची भोकं मोठी. ती लाकडानं बुजवून सहा नवी पाडावी लागतील. ते परत फिरणार नाही."

हे ऐकायला भाभी स्वतः दुकानात आल्या. लाकडावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "बुजवलेली भोकं दिसतील का?"

कारागीर म्हणाला, "दिसतील. रंग देऊन लपवायची असतील तर तसं करतो."

"लपवू नका," भाभी म्हणाल्या. "दिसू देत. मग पाडा."

मला वाटतं, त्यांची भीती भोकांची नव्हतीच. भाईजान पुसले जातील, ही होती. आपण आठवण जपायची म्हणून वस्तूला हात लावू देत नाही आणि वस्तू मात्र मुकी होत जाते. त्या बासला पुन्हा बोलतं करायचं, तर त्यावर एक खूण उमटणारच होती. ती खूण उघडी राहावी, एवढंच भाभींनी मागितलं. आज त्या गिटारच्या माथ्यावर चार गोल ठिगळं स्पष्ट दिसतात. जुन्या चार चाव्या आणि घोडी भाभींच्या पेटीत कापडात बांधलेली आहेत.

सुराचंही एक नवल. बासच्या सर्वांत खालच्या तारेला षड्ज मानलं, तर गिटारची खालची तार त्याच्या वरच्या षड्जावर येते आणि या नव्या वाद्याची बरोबर मधल्या पंचमावर. बापाच्या वाद्यापेक्षा वर, नेहमीच्या गिटारपेक्षा खाली. पुतणीचा आवाज तिथं छान बसतो.

नव्या तारा मुरेपर्यंत उतरत राहतात. परवा ती गात असताना भाभी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, जाड तार उतरलीय!" पुतणीनं चावी पिळून पाहिली. तार खरोखरच उतरली होती.