विंध्यगिरीवरचे ऊन

श्रवणबेळगोळला मी आयुष्यात दोनदा गेलो. पहिल्यांदा १९९४ च्या मे महिन्यात, आईला घेऊन. दुसऱ्यांदा गेल्या जानेवारीत, पत्नीसोबत. डोंगर तोच, कातळात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्याही त्याच. पहिल्या खेपेस तेथील उन्हाने आईच्या जिवावर बेतले होते. दुसऱ्या खेपेस तेच ऊन घड्याळ लावून, मोजून, औषधासारखे घेण्याचे आमच्या मनात होते.

मे महिना निवडण्यात भक्ती कमी आणि सोय अधिक होती. बँकेत मार्चअखेरचे हिशेब आटोपल्याशिवाय रजा मिळत नसे, मुलांच्या शाळांना सुट्टी मेमध्येच आणि एल.टी.सी.ची मुदत संपत आलेली. आदल्या रात्री पोहोचण्यास उशीर झाल्याने सकाळी निघण्यास दहा वाजले. आईचा त्या दिवशी चौविहार उपवास होता, म्हणजे पाणीसुद्धा वर्ज्य. आम्ही कोणीही तिला ‘आज चढू नकोस’ म्हटले नाही. म्हटले असते तरी तिने ऐकले नसते, अशी समजूत मी पुढे अनेक वर्षे स्वतःची घालत आलो.

दर्शन उत्तम झाले. परतताना साडेबारा वाजून गेले होते. पादत्राणे पायथ्याशीच ठेवावी लागतात. ग्रॅनाइटचा तो अखंड कातळ सकाळपासून तापलेला; त्यावर मुले उड्या मारत, रडत उतरू लागली. निम्म्या वाटेवर आई खाली बसली. तिला घेरी आली होती, त्वचा तापली होती आणि बोलणे असंबद्ध झाले होते. डोलीवाल्यांनी तिला खाली आणले. सावलीत निजवून कपाळ, मान आणि तळवे ओल्या कापडाने तासभर पुसल्यावर ती सावध झाली. पाणी मात्र तिने दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर पारण्यालाच घेतले. माझ्या तळपायांचे फोड आठ दिवसांत बरे झाले. पण त्या दिवसापासून आमच्या घरात ऊन हा शत्रू ठरला. खिडक्यांना जाड पडदे आले, दुपारी घराबाहेर पडणे बंद झाले आणि गच्चीवरचे वाळवणही मोलकरणीकडे गेले.

या शिस्तीचे देणे बावीस-पंचवीस वर्षांनी पुढे आले, तेही पत्नीच्या नावे. मागील पावसाळ्यात ती घरातच घसरली आणि मनगट मोडले. पडणे तसे किरकोळ होते. एवढ्याने हाड मोडावे याचे डॉक्टरांना नवल वाटले. रक्ततपासणीत ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा नऊ आला. वीसच्या खाली गेला की कमतरता समजतात. डॉक्टरांनी विचारले, “उन्हात कधी जाता?” ती म्हणाली, “अहो, ऊन टाळण्यातच आयुष्य गेलं.”

येथे आपल्या घरांची एक खास अडचण सांगितली पाहिजे. अन्नातून हे जीवनसत्त्व प्रामुख्याने मासे, त्यांच्या यकृताचे तेल आणि अंड्याचा बलक यांतून मिळते. आपल्याकडे तो मार्गच नाही. ऊन लागलेल्या अळिंबीत थोडे असते, पण तीही अनेक घरांत चालत नाही. गोळ्यांकडे वळावे, तर पुष्कळशा कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचे असते. आतील औषध बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनवलेले. आमच्या डॉक्टरांनी आढेवेढे न घेता शैवाकापासून तयार केलेले औषध शोधून दिले. गोड्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे शैवाकच. ते देतानाच त्यांनी बजावले, की आठवड्याला घ्यायची साठ हजार एककांची मात्रा मनाने महिनोन्महिने चालू ठेवू नये. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. नंतर म्हणाले, “आणि ऊन घ्या. ते अहिंसकही आहे आणि फुकटही.”

मी लगेच सांगितले, की मी तर रोज सकाळी सातला गॅलरीत कोवळ्या उन्हात वर्तमानपत्र वाचतो आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षे पूर्वेच्या काचेच्या खिडकीशी बसून काढली आहेत. डॉक्टर हसले. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतून आत येतच नाहीत. त्वचा रापवणारे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण मात्र येतात. सूर्य क्षितिजाजवळ असतो, तेव्हा उपयोगी किरण वातावरणाच्या जाड थरात अडकतात. सकाळचा प्रकाश झोपेचे घड्याळ लावतो, मन प्रसन्न करतो, त्यामुळे तो सोडू नये. पण हाडांच्या खात्यात त्यातून फारसे काही जमा होत नाही. त्यांनी एक साधी खूण दिली. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर त्या उन्हातून जवळजवळ काही मिळत नाही. सावली उंचीपेक्षा आखूड झाली, की त्वचा कामाला लागते. अर्थात त्याच वेळी ऊन भाजतेही.

आकडेमोडीची सवय सुटत नाही. घरी येऊन मी सूर्याच्या कलण्यावरून हिशेब मांडला. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस सावली उंचीपेक्षा आखूड असते ती साधारण साडेअकरा ते दीड एवढाच वेळ. मे महिन्यात मात्र साडेनऊलाच ती उंचीएवढी होऊन गेलेली असते. म्हणजे उन्हाळ्यात दुपारच्या भट्टीत जाण्याची काहीच गरज नाही. साडेनऊ-दहाला थोडा वेळ पुरे. दिल्लीकडे डिसेंबरात भर मध्यान्हीही सावली माणसापेक्षा लांबच राहते. श्रवणबेळगोळ त्याहून पुष्कळ दक्षिणेला आहे. हा कागद पाहून पत्नी म्हणाली, “मग जाऊन येऊ. आईंच्या वेळचं मनातून जाईल तरी.”

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही रेल्वेने अरसीकेरेला उतरलो आणि मोटारीने पुढे गेलो. यावेळी उपवासाचा दिवस टाळला होता. नवकारसी झाल्यावर, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे उलटल्यावर, व्यवस्थित खाऊन पाणी पिऊन आठच्या सुमारास चढू लागलो. पायथ्याशी जाड मोजे मिळतात. १९९४ मध्ये मी ते दुबळ्यांसाठी आहेत असे समजून घेतले नव्हते. डोलीची चौकशी आधीच करून ठेवली. कातळ या वेळी थंडगार होता. खाली दोन डोंगरांच्या मधोमध कल्याणी तळे, समोर चंद्रगिरी, आणि आमच्या सावल्या अंगाच्या तिप्पट-चौपट लांब होऊन पायऱ्यांवरून घसरत होत्या.

सन ९८१ मध्ये गंगराजांचे मंत्री चामुंडराय यांनी घडवलेली ती सुमारे ५८ फुटांची मूर्ती उत्तराभिमुख उभी आहे. तिच्या पायाशी मराठी अक्षरे कोरलेली आहेत, हे आपल्याला ठाऊक असतेच. तरी प्रत्यक्ष पाहताना ऊर भरून येतो. डोक्यावर छत नाही. सकाळचे ऊन आधी उजव्या खांद्यावर, मग हळूहळू मांडीवर चढलेल्या वेलींवर उतरत होते. ग्रीष्मात उघड्या शिळेवर उभे राहून आतापन योग करणाऱ्या मुनींची वर्णने आपण प्रवचनांतून ऐकतो. आईने त्या दिवशी नकळत तोच मार्ग धरला होता, आणि आम्ही तो श्रद्धेच्या नावाखाली पाहत राहिलो. साधूंनी वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने पेललेले ऊन सत्तरीच्या गृहस्थ बाईने एका दुपारी पेलावे, अशी अपेक्षा कोणत्या शास्त्रात आहे?

दर्शनानंतर ओदेगल बसदीजवळच्या उघड्या कातळावर बसलो. खिशातील पेन्सिल मी उभी धरली आणि तिची सावली डायरीवर मोजत राहिलो. दहाला सावली लांब. साडेदहाच्या सुमारास पेन्सिल आणि सावली सारख्या झाल्या. तेव्हा पत्नीने शाल काढली, बाह्या कोपरापर्यंत वर घेतल्या, डोक्यावर पदर ठेवला आणि चेहऱ्यावर टोपीची सावली पाडली. डॉक्टरांनी तिला आठवड्यातून तीन-चार दिवस वीस मिनिटे सांगितली होती. गोऱ्या माणसाला कमी, सावळ्याला थोडी अधिक. त्वचा लाल होण्याच्या आत उठायचे, सूर्याकडे डोळे लावायचे नाहीत. काही औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून चालू गोळ्यांची यादीही त्यांनी आधी पाहून घेतली होती.

जास्त बसल्याने जास्त मिळत नाही, ही गोष्ट मला विशेष भावली. ठरावीक मर्यादेनंतर त्वचेत तयार होणारे द्रव्य उन्हानेच मोडून निरुपयोगी होते. उन्हातून या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. होते ते फक्त भाजणे. शिवाय जे जमा होते ते शरीरातील चरबीत काही आठवडे राहते. त्यामुळे एखादा आठवडा ढगाळ गेला, म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

वीस मिनिटांनी गजर वाजला. “उठा,” ती म्हणाली, “आईंसारखं नको व्हायला.” साडेअकराच्या आत आम्ही तळ्याकाठी होतो. तिथे बसून तिने मोजे काढले आणि तळपाय निरखून पाहिले. मीही पाहिले. नंतर बराच वेळ आम्ही आईविषयी बोललो. इतकी वर्षे तो प्रसंग घरात कोणी काढत नव्हते.

एप्रिलच्या तपासणीत आकडा एकतीस आला. त्यात औषधाचा वाटा मोठा आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मनगट पूर्वपदावर येत आहे.

हे सारे धाकट्या भावाला सांगितले, तेव्हा तो वैतागला. त्याचे पेठेत कापडाचे दुकान. सकाळी साडेनऊला गाडीतून थेट आत, रात्री नऊला थेट बाहेर. मधला सारा दिवस गादीवर, ट्यूबलाइटखाली. “दादा, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी गल्ल्यावर कोण बसणार?” त्याची पत्नी तिथेच हिशेबाची वही चाळत होती. ती म्हणाली, “पावणेबाराला मी बसते, तुम्ही वर गच्चीवर जा. तुम्ही खाली आलात की मी जाते. आणि हो, डबाही वरच घेऊन जा.”