चाळिशीनंतरची चढण

नांदेड-लातूरकडे डोंगर आहेतच कुठे, असं पुण्यामुंबईची माणसं विचारतात. सह्याद्रीचे कडे आमच्या वाट्याला आले नाहीत, हे खरंच. पण बालाघाटच्या रांगा आमच्या दाराशी येऊन टेकतात आणि किल्ल्यांना तर तोटाच नाही. कंधार, औसा, उदगीर, माहूर. शाळेत असताना सहलीच्या एसटीतून उतरायचं आणि थेट बुरुजाकडे पळत सुटायचं, असे ते दिवस होते. धाप लागणं म्हणजे काय, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आम्ही म्हणजे चौघी. दोघींचं माहेर कंधार, एकीचं औसा, एकीचं उदगीर. सासर मात्र चौघींचं नांदेडात, देगलूर नाक्याच्या आसपास. एक उर्दू शाळेत शिकवते, एक शिलाईकाम करते, दोघी घर सांभाळतात. आठवी-नववीनंतर आमच्या सहली थांबल्या. कुणी रागावून थांबवल्या असंही नाही. मुलगी मोठी झाली की ती किल्ल्यावर जात नाही, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. पाय आपले, पण त्यांनी कुठवर जायचं, ते दुसऱ्यांनी ठरवायचं. पुढची पंचवीस-तीस वर्षं आम्ही चाललोच नाही असं नाही. ओट्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून गच्चीपर्यंत चालतच होतो. त्या चालण्यानं दमायला होत होतं, ताकद मात्र येत नव्हती.

२०२२च्या रमजानमध्ये आमच्यातल्या सर्वांत मोठ्या आपांनी नमाजसाठी खुर्ची घेतली. आजारी माणसाला तशी मुभा आहेच, त्यात कमीपणा काही नाही. पण आपांचं वय अवघं एक्कावन्न. ‘सिजदे में गई तो उठने को दीवार ढूंडना पडता,’ त्या हसत म्हणाल्या. आम्हाला हसू आलं नाही. आमच्यातल्या दुसरीला साखर निघाली होती, तिसरीचा रक्तदाब चढत होता आणि चौथी जिना उतरताना कठडा सोडत नव्हती. आपांची खुर्ची उद्या आपल्याही घरात येणार, हे प्रत्येकीला दिसत होतं.

डॉक्टरांनी जे सांगितलं आणि आम्ही जे वाचलं, त्याचा सारांश असा. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात. पाळी जाण्याच्या सुमारास बाईची हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात. गुडघ्याचा भार पेलतात ते मांडीचे स्नायू. ते दुबळे झाले की सगळा ताण सांध्यावर येतो. जड अंगाच्या, गुडघेदुखी असलेल्या माणसांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. वजन एक किलोनं घटलं, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०मध्ये सांगितलेलं प्रमाणही सोपं आहे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं झपझप चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम.

प्रमाण सोपं, पण चालायचं कुठे? मैदान पोरांच्या क्रिकेटचं. भल्या पहाटे रस्त्यावर कुत्री आणि उजाडल्यावर ओळखीच्या नजरा. ‘सुबू सुबू कां निकल्यां?’ या प्रश्नाला उत्तर देता देताच निम्मी बाई घरी परतते. म्हणून सुरुवात गच्चीपासून केली. फजरनंतर जिना चढायचा-उतरायचा, पहिल्या आठवड्यात तीनदा, दुसऱ्यात पाचदा. आपांच्या त्याच खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. बकरी ईद झाल्यावर चौघी मिळून बाहेर पडलो. एकटीला विचारणारे चौघींना विचारत नाहीत, हे तेव्हा कळलं. रविवारी रिक्षा करून विष्णुपुरीकडे विद्यापीठाच्या परिसरात जायचं आणि तिथल्या चढउतारांवर चालायचं. बुरख्याखाली स्पोर्ट्स शूज घालताना पहिल्या दिवशी सगळ्याच लाजलो. घोट्याला आधार मिळाला आणि लाज आपोआप गेली.

किल्ल्यावर जाण्यासाठी परवानगी कशी काढायची, याची वाट माहेरानं दाखवली. माहेरी जायला कोण नाही म्हणणार? त्या वर्षीच्या डिसेंबरात चौघी कंधारला गेलो. हा भुईकोट राष्ट्रकूटांच्या काळचा समजला जातो. भोवती पाण्यानं भरलेला रुंद खंदक, आत तट आणि बुरूज. उंची फार नाही. आमच्यासारख्यांसाठी पहिला धडा म्हणून तेच बरं. पायऱ्या जुन्या आणि उंच. एकेक पायरी चढून दोन्ही पाय जुळवायचे, श्वास घ्यायचा, मग पुढची. लहानपणी ज्या तटावर आम्ही पाठशिवणी खेळलो, तिथे पोचायला चारदा बसावं लागलं. पण पोचलो. खाली येऊन हाजी सय्याह दर्ग्यात सलाम केला आणि माहेरच्या अंगणात पाय पसरून बसलो.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी झाली. मांड्या अशा भरून आल्या, की जिना उलटा, पाठ फिरवून उतरावा लागला. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून चढण्यापेक्षा उतरण्यानं ते जास्त दुखतात. दोन-तीन दिवसांत हे दुखणं ओसरतं. सवय झाली की कमी होतं. सांधा सुजला, तर मात्र ते वेगळं. तिथे थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

जानेवारीत औसा. हाही भुईकोटच, तट दुहेरी आणि भोवती खंदक. तिथून दुसऱ्या दिवशी खरोसा. लेणी कोरलेली ती टेकडी लहानशीच, पण आमची पहिली खरी चढण. तिथे देवीचं मंदिर आहे आणि पीराचा दर्गाही. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्या आजीबाईंनी आमच्याकडे पाहून विचारलं, “नवस हाय का बायांनो?” आपा म्हणाल्या, “हो आजी, गुडघ्यांचा.” आजी मनापासून हसल्या आणि आपली काठी आपांना टेकायला देऊ लागल्या.

मग रमजान आला, पाठोपाठ आमच्याकडचा उन्हाळा. पारा चाळिशीच्या पार. चालणं जवळजवळ बंद पडलं. जूनमध्ये पुन्हा निघालो, तेव्हा पूर्वीच्या निम्मं अंतरसुद्धा जड गेलं. पण गेल्या वर्षी जे कमवायला चार महिने लागले, ते या खेपेला सहा-सात आठवड्यांत परत आलं. एकदा घडलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर उभा राहतो, हे शास्त्र आता मान्य करतं.

आमच्या मराठवाड्यातले पोलीस शिपाई रफिक शेख २०१६ साली एव्हरेस्टवर पोचले. त्याआधी २०१४मध्ये हिमकडा कोसळल्यामुळे आणि २०१५मध्ये भूकंपामुळे त्यांना परतावं लागलं होतं. त्यांची उंची कुठे आणि आमची कुठे! पण परत फिरावं लागलं म्हणून वाट संपत नाही, एवढं आम्हीही त्यांच्याकडून घेतलं.

२०२३च्या डिसेंबरात माहूर. हा मात्र डोंगरी किल्ला, तीन बाजूंनी पैनगंगेनं वेढलेला. याच माहूरच्या देशमुख घराण्यातल्या रायबागन सतराव्या शतकात फौजेबरोबर घोड्यावर गेल्या होत्या, ही गोष्ट शिक्षिकेनं चढता चढता सांगितली. हत्ती दरवाजा मागे टाकला, तटावरून खालचं जंगल पाहिलं. दोनदाच बसलो. जोहरची वेळ झाली तेव्हा आपांनी झाडाखाली चादर अंथरली. सिजद्यातून त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, थोड्या डगमगल्याही. भिंत मात्र तिथे नव्हती.

सगळं छान झालं असं नाही. साखरेची गोळी सुरूच आहे, मात्रा तेवढी डॉक्टरांनी कमी केली. थंडीत आपांची खुर्ची अजूनही कधीकधी बाहेर निघते. पण गच्चीवर आता नऊजणी येतात, त्यांतल्या दोघी आमच्या मुली आहेत. कॉलेजात गेल्या तरी त्यांची चढण सुटू द्यायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

उदगीर तेवढं राहिलंय. पावसाळा सरला की तिकडच्या माहेरी.