वर्ध्याचे राजकारण : पक्षात आणि पक्षाबाहेर

29 जानेवारी 1948 रोजी, हत्येच्या आदल्या दिवशी, गांधींनी काँग्रेसच्या नव्या घटनेचा मसुदा लिहिला. स्वराज्य मिळाल्यामुळे काँग्रेसचे राजकीय काम संपले आहे. तिने स्वतःला विसर्जित करून लोकसेवक संघ व्हावे, असे त्यात सुचवले होते. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला फेब्रुवारीत गांधींच्या उपस्थितीत भरायची कार्यकर्त्यांची बैठक मग त्यांच्या माघारी, मार्चमध्ये भरली. नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, विनोबा, कृपलानी, जयप्रकाश आणि कुमारप्पा तिला हजर होते. सर्वोदय समाज आणि पुढे सर्व सेवा संघ यांची पायाभरणी या बैठकीत झाली. काँग्रेस मात्र विसर्जित झाली नाही. राज्य चालवणारे दिल्लीला परतले, रचनात्मक काम करणारे आश्रमात राहिले आणि एकाच घराच्या दोन चुली झाल्या.

पहिली काही वर्षे या दोन चुलींमध्ये ये-जा चालू होती. श्रीमन्नारायण अग्रवाल हे तिचे ठळक उदाहरण. वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे हे प्राचार्य जमनालाल बजाज यांचे जावई. त्यांनी 1944 मध्ये ग्रामोद्योगावर आधारलेली ‘गांधीवादी योजना’ मांडली. 1952 मध्ये ते वर्ध्याचे खासदार झाले, काँग्रेसचे सरचिटणीस म्हणून त्यांनी काम केले आणि 1958 मध्ये ते नियोजन आयोगाचे सदस्य झाले. चरख्याची योजना लिहिणारा माणूस धरणे आणि पोलाद यांच्या योजना आखणाऱ्या मंडळात बसला, यातच त्या काळाची तडजोड दिसते. उलट टोकाला कुमारप्पा होते. वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र मांडणाऱ्या या विचारवंताने नेहरूंच्या औद्योगिक धोरणावर सतत टीका केली, पण त्या टीकेभोवती पक्ष कधी उभा राहिला नाही. कृपलानींनी 1951 मध्ये काँग्रेस सोडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. वर्ध्यात त्याने मूळ धरले नाही.

विरोधी पक्षांना सर्वांत मोठी अडचण भूदानाची झाली, असे म्हणायला जागा आहे. मार्च 1951 मध्ये विनोबा वर्ध्याहून पायी निघाले आणि 18 एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्लीला त्यांना जमिनीचे पहिले दान मिळाले. त्या मुलखात कम्युनिस्टांनी जमिनीचा प्रश्न लढ्याचा केला होता. विनोबांनी तो दानाचा केला आणि त्यामुळे कोणत्याच पक्षाला उघड विरोध करता येईना. सप्टेंबर 1957 मध्ये म्हैसूरजवळ येलवाल येथे भरलेल्या ग्रामदान परिषदेत नेहरू आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद हे दोघेही होते. राजनीती सोडा, लोकनीती धरा, हा विनोबांचा आग्रह. त्यासाठी जयप्रकाशांनी 1954 मध्ये बोधगयेला जीवनदान केले, म्हणजे आयुष्य या कामाला वाहिले, आणि समाजवाद्यांनी आपला सर्वांत लोकप्रिय नेता गमावला. पक्षविरहित विचाराने काँग्रेसला फारसा धक्का दिला नाही. तिच्या प्रतिस्पर्ध्यांना मात्र दिला.

दुसरा प्रश्न राज्याचा. वर्धा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. 1953 च्या नागपूर कराराने मराठी प्रदेश एकत्र येण्याच्या अटी ठरल्या. विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला घेण्याची अट त्यांपैकीच. तरीही फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये वर्ध्यासह आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. केंद्राने ती बाजूला ठेवून मराठी-गुजराती असे द्विभाषिक मुंबई राज्य केले. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात मराठी भाषकांचे वेगळे राज्य न मिळाल्याच्या रागावर संयुक्त महाराष्ट्र समिती वाढली. विदर्भात मुंबईसाठी भांडण्याचे कारण नव्हते, त्यामुळे 1957 मध्ये काँग्रेसचे संख्याबळ टिकवण्यात या भागाचा मोठा वाटा राहिला. येथील खरा वाद काँग्रेसच्या आतच होता : ब्रिजलाल बियाणी वेगळ्या विदर्भाकडे, तर मारोतराव कन्नमवार संयुक्त राज्याकडे. द्विभाषिक राज्य मोडून झालेल्या नव्या महाराष्ट्राच्या 1962 च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या. त्याच वर्षी विदर्भवादी लोकनायक अणे नागपुरातून अपक्ष खासदार झाले. वर्ध्यात जमनालालांचे पुत्र कमलनयन बजाज 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा निवडून आले. आश्रमाचा वारसा, उद्योग आणि पक्ष असा तिहेरी आधार एकाच घराण्याकडे असल्यावर प्रतिस्पर्ध्याला शिरायला फट कमी राहते.

इतर प्रवाह नव्हते असे नाही. 3 ऑक्टोबर 1957 रोजी शेजारच्या नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडगिरण्यांमुळे कामगारांची वस्ती होती. राष्ट्र सेविका समिती 1936 मध्ये वर्ध्यातच सुरू झाली. त्याआधी डिसेंबर 1934 मध्ये गांधींनी येथील राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शिबिराला भेट दिली होती. परस्परविरोधी विचारांची माणसे इतक्या लहान गावात इतक्या जवळ राहत होती, तरी तो विरोध मतपेटीत फार उशिरा उतरला.

आश्रमातील दुफळी त्याआधीच उघड झाली. बिहार आंदोलनावरून 1974-75 मध्ये विनोबा आणि जयप्रकाश यांच्यात मतभेद झाले आणि सर्व सेवा संघ दुभंगला. मतदारसंघ मात्र 1977 च्या जनता लाटेतही काँग्रेसकडेच राहिला. वर्ध्याने पहिला बिगरकाँग्रेसी खासदार 1991 मध्ये निवडला : मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे.