अर्धी बॅटरी

आम्ही बागवान. नावात बाग आहे, पण सातबाऱ्यावर ती कधीच नव्हती. बाग शेतकऱ्याची, विहीर त्याची, झाडंही त्याचीच. आमचं फक्त झाडावरचं फळ, आणि तेही एका बहारापुरतं. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी हा सगळा पट्टा मोसंबीचा. 2016 साली ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वर्तमानपत्रात शेतकऱ्यांचे फोटो आले, आणि ते यायलाच हवे होते. पण झाडावरचं ते फळ रात्री-अपरात्री राखणारी, तोडून मोंढ्यापर्यंत नेणारी जी माणसं असतात, त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून हे.

अब्बा फळ सुपारीपेक्षा जरा मोठं झालं की बागेतून फिरत. एका झाडाखाली उभे राहत, दुसऱ्याला वळसा घालत, चार फांद्या डोळ्यांनी मोजत आणि एक आकडा बोलत. मालक दुसरा आकडा बोले. चहाच्या दोन फेऱ्यांत सौदा उक्ता ठरे, इसार दिला जाई, आणि त्या घडीपासून फळाची सगळी जोखीम आमची. वाऱ्याने गळलं तर आमचं, वानरांनी खाल्लं तर आमचं, रात्री पोती भरून कुणी नेलं तरी आमचंच. मृग बहाराची फुलं जून-जुलैत येतात आणि फळ मार्च-एप्रिलमध्ये उतरतं. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, त्याची तोडणी दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे वर्षातून दोनदा आमचं घर जुन्या जालन्यातून उठून बागेत जाई. बांबूवर ताडपत्री टाकून केलेलं पाल, दोन बाजा, तीन दगडांची चूल, एक कंदील, पाण्याचा रांजण. शहरातली माणसं हौसेने तंबू ठोकायला जातात असं आम्ही फार पुढे ऐकलं.

वीज बागेत नव्हती असं नाही. विहिरीवर मोटार होती, तारा आमच्या पालावरून जात. पण ती वीज मालकाच्या मीटरची, मोटारीची, तिच्या पेटीला कुलूप. आजूबाजूच्या वस्त्यांवर सर्रास आकडे पडत. आमचे मोठे भाई एकदा म्हणाले, “अब्बा, एक तार टाकली तर कोण बघतंय?” अब्बांनी फक्त एवढंच म्हटलं, “फळ राखायला आलो, आणि आपणच चोरी करायची?” विषय संपला.

टीव्ही मात्र अब्बांनीच आणला, आणि तोही करमणुकीसाठी नाही. संध्याकाळ झाली की आम्ही पोरं राखण सोडून गावात कुणाच्या तरी ओट्यावर टीव्ही बघायला पळायचो. ‘टिपू सुलतान’च्या वेळेपासून ही सवय लागली होती. पोरं बागेत टिकावीत म्हणून 1993 च्या पावसाळ्यात जालन्यातून एक जुना, 14 इंची, काळापांढरा टीव्ही आला. त्याच्या पाठीमागे एक बारीक भोक होतं आणि त्यावर लिहिलं होतं : 12 व्होल्ट डी.सी. त्या काळच्या छोट्या टीव्हींना ही सोय असायची. घरच्या विजेवर चालवा नाहीतर गाडीच्या बॅटरीवर. आमच्याकडे मॅटाडोर होती, तिची बॅटरी 12 व्होल्टचीच. मोंढ्यातल्या बॅटरीवाल्या चाचांनी एक लाल आणि एक काळी वायर, दोन टोकांना चिमटे, मध्ये फ्यूज असं करून दिलं आणि बजावलं, लाल अधिकला, काळी उण्याला, उलटं केलं तर टीव्ही विसरा.

अँटेना म्हैसमाळच्या दिशेने. अंबडकडच्या त्या शिवारातून म्हैसमाळचा मनोरा सरळ रेषेतही 80 किलोमीटरच्या पुढे. बांबूला बांबू जोडून अँटेना जेवढी उंच जाईल तेवढी नेली होती. एकाने बांबू फिरवायचा, दुसऱ्याने पडद्यासमोर बसून ओरडायचं, “आलं... आलं... गेलं!” मुंग्या कधी पूर्ण गेल्या नाहीत. मुंग्यांच्या आतून माणसं दिसत आणि आम्हाला ती पुरत.

आता हिशोब. अब्बा चौथी शिकलेले, पण हा हिशोब त्यांचा पक्का होता. बॅटरी 75 अँपिअर-तासांची. टीव्ही साधारण दीड-दोन अँपिअर खाई. कागदावर हे दीड-दोन दिवस सलग चालावं. पण कागदावर मॅटाडोर चालू होत नाही. डिझेलचं इंजिन, थंडीत आधी हीटर तापवायचा, मग स्टार्टर मारायचा. तो स्टार्टर त्या काही सेकंदांत टीव्हीच्या शंभरपट करंट ओढतो. बॅटरी जरा उतरलेली असली की नुसतं ‘कट्’ असा आवाज येतो आणि गाडी तिथेच. आणि गाडी तिथे म्हणजे कॅरेटमध्ये भरलेला माल तिथे, मोंढ्यातली सकाळची बोली हुकली, व्यापारी दुसऱ्याचा माल घेऊन मोकळा. म्हणून अब्बांचा नियम एकच होता : अर्धी बॅटरी आपली, अर्धी गाडीची. कोणत्याही टीव्हीकरिता गाडीच्या अर्ध्याला हात लावायचा नाही. शिवाय मॅटाडोर नेहमी बांधाच्या उतारावर उभी, तोंड खाली करून, म्हणजे वेळ पडली तर ढकलून गिअरमध्ये टाकता यावी.

अर्धी संपली हे कळायला मीटर लागत नसे. पडदाच सांगे. व्होल्टेज उतरलं की चित्र चारी बाजूंनी आकसू लागतं, काळी चौकट आत सरकते. बातम्या देणाऱ्या बाई हळूहळू पोस्टकार्डाएवढ्या होत. चौकट चार बोटांची झाली की अब्बा उठून चिमटा काढत. सिनेमातलं भांडण मिटायचं राहिलेलं असलं तरी.

या वाटणीत सगळ्यात कमी अम्मीच्या वाट्याला येई. संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या अब्बांच्या, मॅच आम्हा पोरांची, आणि मराठी सिनेमा अम्मीचा. तो लागे तोपर्यंत आमच्या अर्ध्यातलं बहुतेक खाऊन झालेलं असे. अम्मीने असे कित्येक सिनेमे अर्धे पाहिले. शेवट ती स्वतः रचून आम्हाला सांगे, आणि खरं सांगायचं तर पुढे काही सिनेमे पूर्ण बघायला मिळाले तेव्हा अम्मीचे शेवट जास्त चांगले वाटले.

अम्मीने तो नियम एकदाच मोडायला लावला. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती गेले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला आणि त्या संध्याकाळी टीव्हीवर लातूर-उस्मानाबादकडची गावं दिसायला लागली. मुंग्यांच्या आतून दगडमातीचे ढिगारे, त्यांवर बसलेली माणसं. अब्बा नेहमीच्या वेळेला उठले तेव्हा अम्मी म्हणाली, “आज गाडी का हिसाब नक्को करो. चालू रैने दो.” अब्बा परत बसले. पुढे काही रात्री गावातली माणसं घराच्या धाब्याखाली झोपायला धजत नव्हती. बायका-पोरं घेऊन ती आमच्या पालाजवळच्या मोकळ्या वावरात येऊन झोपत. वर्षभर आमच्या ताडपत्रीला हसणाऱ्यांना तेव्हा ताडपत्रीच बरी वाटली. तिथूनच गावाला आमचा टीव्ही माहीत झाला.

मग 1996 चा विश्वचषक आला. मृग बहाराचं फळ उतरत होतं. 9 मार्च, शनिवार, बंगळुरूला भारत-पाकिस्तान उपांत्यपूर्व सामना, दिवस-रात्रीचा. गावातली वीज दुपारीच गेलेली. अंधार पडता पडता बांधावरून बॅटऱ्या, कंदील हलत येताना दिसू लागले. तीस-चाळीस माणसं झाडांच्या ओळींमधून येऊन पालासमोर बसली. बसता बसता एक गडी मोठ्याने म्हणाला, “काय चाचा, आज तर तुमची मॅच हाय!”

कुणी हसलं, कुणी हसलं नाही. 1992 च्या डिसेंबरला तीनच वर्षं झाली होती. आम्हा पोरांचे कान तापले. अब्बा चिमट्याची पकड बघत होते. मान वर न करता म्हणाले, “माझी कशाची? माझी मॅच उद्या सकाळी मोंढ्यात हाय. तिथं मोसंबी हारली की मी हारलो.”

या वेळी सगळे हसले. पण जे बोललं गेलं ते पडद्यासमोर बसूनच राहिलं. सिद्धूने मारलं की आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि आपल्या टाळ्यांचा आवाज आपल्यालाच ऐकू येत होता. तो नेहमीपेक्षा थोडा मोठा निघत होता. जडेजाने शेवटी वकारला झोडपलं तेव्हा मात्र कुणाला कुणाकडे बघायला वेळच नव्हता. भारताच्या 287 झाल्या. मग सईद अन्वर आणि आमिर सोहेल खेळायला आले आणि दहा षटकांत 84 धावा झाल्या. त्या दहा षटकांत पडद्यावरच्या डोळ्यांपैकी काही अधूनमधून आमच्याकडे वळत. उजेड टीव्हीचाच होता, आम्ही त्यात बसलो होतो, म्हणून आम्ही त्यांना दिसत होतो, ते आम्हाला नीट दिसत नव्हते. असल्या वेळी तोंडावर काय ठेवायचं हे कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. आमच्या घरातल्या प्रत्येकाने ते आपापल्या परीने शिकून घेतलेलं आहे.

आणि तेवढ्यात चित्र आकसू लागलं. सकाळपासून पोरांनी अर्ध्यातलं बरंच खाल्लं होतं. काळी चौकट आत येऊ लागली, एक बोट, दोन बोटं. सगळं वावर अब्बांकडे बघू लागलं. आम्हीही. आम्हाला त्यांचा नियम माहीत होता आणि त्या रात्री तो पाळला तर गावात काय बोललं जाईल हेही कळत होतं. चाचांनी मॅच बंद केली, पाकिस्तान हरेल म्हणून केली.

अब्बा उठले. चिमट्यांना हात लावला नाही. मॅटाडोरमध्ये चढले, हीटर तापवला, स्टार्टर मारला. अजून तेवढी ताकद होती. इंजिन धडधडलं, अब्बांनी अ‍ॅक्सिलरेटरवर एक दगड ठेवला आणि खाली उतरून पुन्हा आपल्या जागी बसले. चित्र चौकटीपर्यंत भरून आलं. सोहेलने चौकार मारून बॅट दाखवली, प्रसादने पुढच्याच चेंडूवर त्याचा दांडा उडवला, आणि बाग अशी ओरडली की झाडांवरची पाखरं उठली. समालोचन इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही. भारत 39 धावांनी जिंकला. तासांमागून तास जळलेलं डिझेल मोंढ्याच्या फेरीचं होतं. सकाळी भाईंनी कॅन घेऊन सायकलवर अंबड गाठलं आणि माल उशिराने गेला. किती नुकसान झालं ते अब्बा बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. गावातूनही कुणी विचारलं नाही.

चार दिवसांनी, 13 तारखेला, कलकत्त्याला श्रीलंकेबरोबर उपांत्य सामना. या वेळी अब्बांनी बॅटरी आदल्या रात्रीच चार्जिंगला टाकून आणली होती. गाव पुन्हा आलं. 251 चा पाठलाग. सचिन होता तोपर्यंत सगळं ठीक होतं. तो 65 वर गेला आणि एकाला 98 वरून आठ बाद 120. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला देऊन टाकला. कांबळी रडत बाहेर चालला होता. आमच्या समोर चाळीस माणसं होती आणि रातकिड्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तो शनिवारचा गडी पुढेच बसला होता. उठताना अब्बांना म्हणाला, “गेली ना चाचा आपली.”

अब्बा म्हणाले, “गेली.” अम्मीने चहा ठेवला होता, तो फारसा कुणी प्यायला नाही. ‘तुमची’चं ‘आपली’ व्हायला चार दिवस लागले की एक हार लागली की एक टाकी डिझेल, यावर आम्ही भावंडं पुढे पुष्कळ बोललो. एकमत झालेलं नाही. आमची बहीण म्हणते त्या माणसाच्या मनात तेव्हाही काही नव्हतं, भाई म्हणतात होतं.

पुढे रंगीत टीव्ही आला आणि सगळं गणित बिघडलं. त्याला 12 व्होल्टचं भोक नाही. मध्ये इन्व्हर्टर पाहिजे, तो बॅटरीच्या करंटचे 230 व्होल्ट करतो आणि त्या बदलात थोडं स्वतः खातो. 21 इंची टीव्ही 70-80 वॅट मागे, म्हणजे बॅटरीतून सहा-सात अँपिअर. काळ्यापांढऱ्याची अर्धी बॅटरी अख्खी रात्र जाई, रंगीताला ती पाच-सहा तासही पुरेना. 2003 च्या 23 मार्चला, जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्याला, भाईंनी मुद्दाम दुसरी बॅटरी भाड्याने आणली. ऑस्ट्रेलियाने 359 केल्या, सचिन पहिल्याच षटकात गेला, आणि अर्ध्या तासात अर्धी माणसं घरी. दुसरी बॅटरी जशीच्या तशी परत गेली.

2012-13 च्या दुष्काळाने बागाच नेल्या. टँकरने झाडं जगवायचा प्रयत्न लोकांनी केला, मग हात टेकले आणि कुऱ्हाडी लावल्या. ज्या बागेत ती मॅच झाली ती बागही तोडली गेली. आमचं पाल दोन-तीन वर्षं गुंडाळूनच होतं. मॅटाडोर भंगारात गेली. अब्बा त्या बागेनंतर फार वर्षं राहिले नाहीत. टीव्ही मात्र माळ्यावर आहे. दूरदर्शनने जमिनीवरचे जुने मनोरे 2021 च्या सुमारास बंद केले, त्यामुळे आता त्याला कितीही ताजी बॅटरी जोडली तरी नुसत्या मुंग्याच दिसणार.

धंदा आता भाईंचा मुलगा बघतो. तो बदनापूरकडे बागा घेतो, पाल टाकतो. पालावर एक सोलरची प्लेट आहे, दिवसभरात ती छोटी बॅटरी भरते, रात्री एक दिवा आणि चार मोबाईल चालतात. अब्बांना ती प्लेट फार आवडली असती. 2023 च्या 19 नोव्हेंबरला आंबे बहाराची तोडणी चालू होती, आम्ही सगळे मुद्दाम त्याच्याकडे गेलो. तोडणीची पोरं, गावची पोरं, प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाईल. एकाकडे विकेट आधी पडे, दुसऱ्याकडे दहा सेकंदांनी, त्यामुळे बागेत एकच ओरड चार वेळा होई. हेड खेळत राहिला तसे मोबाईल एकेक करून बंद झाले. पुतण्या शेवटपर्यंत बघत बसला होता. शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून त्याच्याच मोबाईलवर बघत होता, कारण त्याची बॅटरी संपली होती.