नांगी पुढे की मागे?

मुलांनो, ओझर म्हटलं की तुम्हांला अष्टविनायकांतला गणपती आठवेल. पण ते ओझर पुणे जिल्ह्यातलं! आमचं ओझर नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गानं वीसेक किलोमीटरवर, बाणगंगेच्या काठी. १९६४ साली इथं मिग विमानांचा कारखाना आला. त्यावरून लोक 'ओझर मिग' म्हणू लागले आणि दोन ओझरांचा घोटाळा मिटला.

असाच एक घोटाळा परवा नदीकाठी झाला. मी वर्गाला घेऊन गेले होते. एकाला खेकडा दिसला. "बाई, केवढ्या नांग्या!" तेवढ्यात दुसरा दगडाखाली हात घालू लागला. मी ओरडलेच, "थांब! विंचू असला तर नांगी मारेल!"

पहिला म्हणाला, "बाई, नांगी पुढे असते की मागे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. खेकड्याची नांगी म्हणजे पुढचा चिमटा, विंचवाची नांगी म्हणजे मागचा विषारी काटा. शब्द एक, अवयव दोन! म्हणूनच शास्त्रज्ञ प्रत्येक अवयवाला वेगळं नाव देतात. विंचवाच्या टोकाची विषाची गाठ आणि काटा, याला म्हणतात 'टेल्सन'. खेकड्याची शेपटी पोटाखाली दुमडलेली असते. तिचं टोकही टेल्सनच. ग्रीक भाषेत टेल्सन म्हणजे नांगरलेल्या शेताचं टोक, जिथं नांगर वळतो ती जागा. आहे की नाही आपल्या शेतातलाच शब्द?

आणि गंमत सांगू? विंचवाची शेपटी गाईसारखी नाहीच. ते लांबलेलं पोट आहे! आतडं तिच्यातून थेट टेल्सनच्या अलीकडपर्यंत जातं.

झुरळाच्या मागे दोन आखूड शेंड्या असतात. त्यांतल्या प्रत्येकीचं नाव 'सर्कस'. तंबूतली नव्हे हं! शेपटीच्या ग्रीक शब्दावरून आलेलं हे नाव. तिच्यावरच्या बारीक केसांना हवेची हालचाल कळते. म्हणून चपलेचा फटका बसायच्या आत झुरळ पसार!

लाल विंचवाच्या टेल्सनशी मात्र खेळ नको. त्याचं विष हृदयावर घाला घालतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून अशा अनेक रुग्णांना वाचवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा विंचू चावला तर मंत्र-उतारा करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आता आमची मुलं आधी काठीनं दगड हलवतात, लांबून पाहतात आणि दगड पुन्हा होता तसा ठेवतात. कुणाचं तरी बिऱ्हाड असतं ना खाली!