अजून मासे नाहीत

टाकीत सध्या पांढरी वाळू, भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिकचे खडक आणि खारं पाणी एवढंच आहे. मासे कधी येणार, असं घरातले रोज विचारतात. आधी जिवाणू, मग मासे, असं मी सांगते. अमोनिया माशांना मारक. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती खडकाच्या छिद्रांत रुजायला बहुधा चार ते सहा आठवडे जातात. चाचणीच्या नळीतला रंग बदलताना बघणं मला मनापासून आवडू लागलंय. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी तिथे जगतंय, याचा तेवढाच पुरावा.

पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून तूट भरायची ती आरओच्या गोड्या पाण्यानेच. क्षारता ३५ पीपीटी (दर हजारी ३५ भाग), तापमान २५-२६ अंश. लहान टाकीत हे आकडे पटकन ढळतात. समुद्राची स्थिरता तिला कुठली!

मालवणच्या पाण्याखाली पाहिलेले प्रवाळ आठवतात, टाकीतही हवेसे वाटतात. पण दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांची जागा समुद्रात. माझ्याकडे येईल ती टाकीतच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी. तुम्हीही अशी टाकी मांडणार असाल, तर मासा पैदाशीचा की समुद्रातून धरलेला, हे दुकानदाराला आधी विचारा.